काळोखाचा वाटा

३ मार्च
लेकीकडे कायमची राहायला आले. घर ऐसपैस आहे, माझ्या खोलीत सकाळचं ऊन येतं. माझ्या ट्रंकेतली पुस्तकं पाहून विहीणबाई म्हणाल्या, मास्तरीणबाईच आल्या की! मी म्हटलं, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पुड्यांचे कागद वाचत शिकले. बिनपगारी मास्तरीण म्हणा. सगळे हसले. सहा वर्षांची नात तर मला चिकटलीच. हे गेल्यापासून आज पहिल्यांदा पोटभर जेवले. मनातल्या मनात यांना सांगितलं, काळजी करू नका.

६ मार्च
जिन्याखाली बिनखिडकीची एक खोली आहे. जावयाचे आंधळे काका लहानपणापासून तिथेच असत. गेल्या महिन्यात वारले. भाजी निवडता निवडता विहीणबाईंनी सांगितलं, या घरात डोळ्यांचा आजार पिढीजात आहे. आधी अंधुक उजेडात दिसेनासं होतं, मग नळीतून पाहावं तशी नजर आवळत जाते. पण म्हणे घरात एका वेळी वाटा एकच. एका मुलाला लहानपणीच काळोखात बसवलं, की तो वाटा त्याचा होतो आणि बाकीचे सुटतात. भाजीचा भाव सांगावा तसं सांगत होत्या.

९ मार्च
वाचनालयातून पुस्तक आणलं, दोनदा वाचलं. असा आजार असलेल्या बापाच्या प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता असते, आणि दर मुलागणिक नाणं नव्याने उडतं. एकाला झाला म्हणून दुसरा सुटत नाही. रक्त तपासलं की कळतं. लेकीला हे सांगितलं तर ती रडायलाच लागली. काकांच्या जागी तिच्या मुलीला बसवायचं ठरलंय. माझ्या नातीला! मी जिवंत असताना?

१२ मार्च
जेवताना जावयाच्या कोपराने पेला पडला. अगदी शेजारी होता, तरी दिसला नाही. संध्याकाळी उंबऱ्याला ठेचकाळला. मी सर्वांदेखत म्हटलं, जावईबापू, काका जन्मभर आत बसले, तरी तुमची नजर चाललीच की. विहीणबाई तडकल्या, खोली रिकामी राहिली म्हणून झालं हे. चार बुकं वाचून आम्हाला अक्कल शिकवू नका. मी म्हटलं, शिकवणार. उद्या बापलेकींना तपासणीला नेणार.

१३ मार्च
सकाळी नात दिसेना. त्या खोलीतून रडणं ऐकू आलं. धावत आत गेले आणि मागून कडी लागली. लेक दारावर धडका देत होती. जावयाने तिला ओढून नेलं. वही कमरेला खोचलेलीच होती; फटीतून उजेड येतो, तेवढ्यात लिहितेय. माझं रडणं या लोकांना ऐकू देणार नाही.

नात म्हणते, आजी, डोळ्यांना हात नको ना लावूस.
माझे दोन्ही हात वहीवर आहेत —

तिला कुशीत घेतलं. आता गार बोटं माझ्या पापण्यांवर. चाचपतायत. घाबरले, खोटं कशाला लिहू. पण बोलले.
म्हटलं, काका, तुम्हाला फसवलं. तुम्ही बसलात आणि कुणीच सुटलं नाही. हिच्या डोळ्यांत काय आहे ते तपासणी सांगेल. तुम्ही नाही. हिला सोडा. तुम्हाला जन्मभर कोंडून ठेवणारे बाहेर आहेत —

बोटं थांबली.
उचलली गेली.

कडी सरकली. बाहेर विहीणबाई किंचाळतायत — डोळे, माझे डोळे —

दार उघडलं. नातीला म्हटलं, तिकडे बघू नकोस, हात घट्ट धर. आधी तुझ्या आईला सोडवू, मग सरळ तपासणीला —