दार उघडं, तोंड बंद

६ फेब्रु. १९५६, सोम.
परळच्या आमच्या मानसिक आरोग्य केंद्रावर फौजदार आले. विणकर वि. (नाव इथेही नको) पोलीस चौकी जाळल्याच्या आरोपात जामिनावर आहे. झोप उडाली म्हणून दर शनिवारी माझ्याकडे मन मोकळं करायला येतो.
"तुमच्यापाशी तो काय बोलला, तेवढं सांगा."
नाही म्हटलं.
"खोलीत दोघंच असता?"
मी भाबडी! सांगून बसले, सल्लागार बाई आणि रुग्ण पुरुष असला की दार सताड उघडं ठेवायचं हा इथला नियम. त्यांनी लगेच टिपून घेतलं. स्वतःच्याच पायावर धोंडा.

८, बुध.
गिरगावात नानामामांकडे. वकिली सल्ला, वर पोहे. "अशिलाचं गुपित राखायला कायदा वकिलाला पाठीशी घालतो. डॉक्टरला नाही. आणि तू तर डॉक्टरही नाहीस! आठवत नाही म्हण, सुटशील."
मामीचीही मान हलली. चिडले. सगळं आठवतंय, मी खोटं का बोलू? वि. काय बोलला ते या वहीतसुद्धा लिहायचं नाही. ठरलं.

११, शनि.
आज फौजदारांनी माझ्या खोलीबाहेर बाकावर नंबर लावून बसलेल्या बायकांना गाठलं. दार उघडं, मग ऐकलंच असेल. द्वारकाबाईंनी पदर सावरला. "आमका कायच आयकाक येवक नाय, सायबा."
धडधडीत खोटं. बाक दारापासून दोन हातांवर. पण वि. आत बोलायला लागला की या बायका बांगड्यांच्या भावावरून मुद्दाम कडाकडा भांडतात. करी रोडच्या चाळीतली रीत. भिंतीपलीकडचं सगळं कानावर पडतं, पण ऐकायचं नसतं.
वि. आला नाही. धास्तावला असेल.

१६, गुरु.
साक्षीचं समन्स आलं, म्हणून कोर्ट. सरकारी वकील हसत म्हणाले, "दार उघडं, मग गुपित कसलं?"
मी म्हटलं, "दहा बाय दहाच्या खोलीत आठ माणसं राहतात, साहेब. त्यांनाही गुपितं असतात."
मागून कुणीतरी "बरोबर!" म्हणालं. मॅजिस्ट्रेटनी दटावलं. मग मला, "तो काय बोलला ते आठवतं?"
"सगळं."
"मग सांगा."
"नाही सांगणार. त्याने माझ्या शब्दावर सांगितलंय."
"तुरुंगात जावं लागेल."
"कल्पना आहे."
सोमवारपर्यंत विचार करायची मुदत. बाहेर मामा म्हणाले, "गाढव आहेस," आणि उसाचा रस पाजला. भीती वाटते. पण सोमवारी उत्तर हेच.

१८, शनि.
सकाळीच पिशवी भरली. दोन पातळं, कंगवा, डोकेदुखीच्या गोळ्या. आईने लाडवांचा डबा आत सरकवला.
दुपारी केंद्रावर वि. हजर. दाढी वाढलेली. बसेना.
"सांगून टाका, बाई. माझा काय व्हायचा ता होऊंदे. तुमका आत टाकल्यानी तर मी बोलू कोणाकडे?"
म्हटलं, "ते माझं मी बघेन. पण आधी हे ऐका. आज जे बोलाल तेही मला कोर्टात विचारतील. कायदा आपल्या बाजूने नाही. नुसतं बसून गेलात तरी चालेल."
"म्हायत हा," म्हणाला.
मग टोपी काढून मांडीवर ठेवली आणि स्वतःच्या आईबद्दल बोलायला लागला. तिच्याबद्दल आजवर त्याने अवाक्षर काढलं नव्हतं.