मुक्यांच्या बेटावरचा बँड

तालिसाय बेट,
जानेवारीची अखेर

थोरल्या बहिणीस, अते लिओनोरास,

तुझा उजवा हात माझ्या कपाळाला लावून नमस्कार. (हात तिकडे कावितेला तुझ्या घरी आणि कपाळ इथे, पण लागला असं धरून चाल.) गुडघे कसे आहेत? डॉक्टरांनी डुकराचं मांस बंद केलंय ते खरंच बंद आहे, की मार्सेलो दाजींच्या ताटातलं उचलतेस? दाजींनाही नमस्कार सांग आणि हे पत्र त्यांना मोठ्यानं वाचून दाखव. मी निघालो तेव्हा धक्क्यावर दहा माणसांत ते म्हणाले होते, "क्रिसांतो तीन दिवसांत परत येतो की नाही बघा." दाजींना म्हणावं, मला इथे पाचवा महिना लागलाय.

तुझ्यावर माझा राग नाही. हॉटेलच्या बँडनं मला म्हातारा म्हणून काढलं तेव्हा "आता ट्रम्पेट खुंटीला टांग आणि कोंबड्या पाळ" असं तू म्हणालीस ते मायेनंच म्हणालीस. पण अते, ज्या माणसानं तीस वर्षं लोकांना नाचवलं त्यानं कोंबड्यांमागे धावावं, हे मला पटेना. तेवढ्यात या बेटाच्या कपितानांचा, म्हणजे गावप्रमुखांचा, निरोप आला, की आमच्या संताच्या, सान विसेंतेच्या, सणासाठी आमचा बारा जणांचा बँड आठवडाभरात तयार करून द्या. मी दोन पँटी घेऊन निघालो.

होडीत माझं काय झालं ते सविस्तर लिहीत नाही. एवढंच सांगतो की कपितान स्वतः गुडघाभर पाण्यात येऊन माझं स्वागत करत होते आणि माझ्या पोटाला तेवढा धीर धरवला नाही. भला माणूस. सदरा धुऊन आले आणि बँडमास्तरचा मान देत म्हणाले, "मायेस्त्रो, आता मोकळं वाटत असेल तर बँड बघू या." बारा जणांपैकी पाच उरले होते. बाकीचे मनिलाला कामाला गेले होते, आणि एक जण बेटावरच होता पण बँडमधल्याच मेव्हण्याशी भांडण झाल्यानं त्याच्या शेजारी उभा राहायला तयार नव्हता. बँडच्या मोठ्या भोंग्यानं मासेमारीच्या होड्यांना हाका मारत असत. एकुलत्या एका ट्रम्पेटमध्ये प्लास्टिकची फुलं खोचून तो संताच्या मूर्तीपुढे ठेवला होता. मी फुलं काढायला गेलो तर देवळाची देखभाल करणारी आजी म्हणाली, "फुलं तरी शोभतात. तुम्ही बँडवाले त्यातून काय काढणार ते गावानं ऐकलंय."

गावानं ऐकलं होतं म्हणजे असं. समोरच्या सांता एलेना गावाच्या चौकात दरवर्षी बँडांची स्पर्धा होते. गेल्या वर्षी आमचे लोक अर्ध्या गाण्यात अडकले, एकमेकांकडे बघत राहिले आणि तसेच होडीत बसून घरी आले. तेव्हापासून याला सगळे मुक्यांचं बेट म्हणतात. इथल्या बायका मासे विकायला पलीकडे गेल्या की गिऱ्हाईक विचारतं, "मासा तरी बोलतो का गं तुमच्याकडचा?" कपितानांनी भर सभेत सांगून टाकलं होतं की या वर्षी पुन्हा नाचक्की झाली तर आपला बँड मोडायचा आणि आपल्या संताच्या मिरवणुकीला सांता एलेनाचा बँड बोलवायचा. अते, दुसऱ्याच्या वाजवण्यावर आपला देव फिरवायचा म्हणजे शेजाऱ्याच्या खांद्यावरून आपली वरात काढण्यासारखं आहे.

मग वादळं लागली. सण आणि स्पर्धा दोन्ही पुढे गेली, होड्या बंद झाल्या, तांदूळ संपला. सकाळी रताळं, दुपारी रताळं आणि रात्री (तू ओळखलंस) रताळं. मी ज्यांच्याकडे उतरलोय त्या पुरिताबाई, मासे विकणाऱ्या विधवा, मला रोज विचारत, "आज कशी करू, उकडलेली की भाजलेली?" जणू काही फार मोठी निवड माझ्या हाती होती. त्या दिवसांत मला कोंबड्यांची फार आठवण आली हे कबूल करतो.

सगळ्यात मोठं वादळ एका दुपारी आलं. अख्खं गाव दगडी देवळात कोंबलं होतं. बाहेर नारळाची झाडं कडाकड मोडत होती, कुणाचं छप्पर उडून गेलं ते दिसत होतं, पोरं घाबरून किंचाळत होती. मला काही सुचेना. मी माझ्या पाच जणांना म्हटलं, वाजवा. त्यांना एकच कूच, मिरवणुकीत चालताना वाजवायची धून, येत होतं, तेसुद्धा अर्धं. अर्ध्यावर आले की मी उरलेलं ओरडून म्हणून दाखवायचो, की पुन्हा पहिल्यापासून. वारा वाढला की तेही जोर वाढवायचे. पोरं रडायची थांबली आणि चुका मोजायला लागली. मेव्हण्याशी भांडलेला तो मनुष्य कोपऱ्यातून उठला आणि ढोल घेऊन थेट मेव्हण्याला खेटून उभा राहिला. वारा पडला तेव्हा सगळे अजून वाजवतच होते, आणि अते, ते कूच शेवटपर्यंत गेलं होतं. फुलंवाली आजी म्हणाली, "हं. आता फुलं काढली तरी चालतील."

सकाळी पाहतो तर बेटावरचा निम्मा बांबू आडवा. मला आपल्या आजोबांच्या गावचा बांबूंचा बँड आठवला, आणि मी करवत मागितली. फुंकायच्या नळ्या झाल्या, पण फुंकणार कोण? पुरुष मोडक्या होड्या दुरुस्त करत होते. मी बायकांना बोलावलं. पुरुषांनी खूप टिंगल केली. एक जण पुरिताबाईंना म्हणाला, "तू नळी फुंकलीस तर भात कोण शिजवणार?" त्या म्हणाल्या, "भात आहे कुठे मेल्या? रताळं तू शिजव." त्यांनी सगळ्यात जाड नळी उचलली. जी बाई आयुष्यभर "ताजे मासे" असं ओरडत बाजारभर फिरली आहे तिच्या छातीत किती हवा असते याची तुला कल्पना नाही. पहिल्या फुंकीला देवळाच्या वाशांतली वटवाघळं बाहेर पडली.

स्पर्धेच्या दिवशी सांता एलेनाचा बँड पांढरे कपडे, सोनेरी गुंड्या आणि चकचकीत पितळ घेऊन उभा होता. आम्ही अनवाणी, हातात बांबू. लोक आधीच हसायला लागले. त्यांचे मायेस्त्रो मला म्हणाले, "मांडव घालायला आलात का?" मी आमच्या लोकांना रांगेत उभं केलं. त्यांचे लोक आधी वाजवून गेले, उत्तम वाजवून गेले, खोटं कशाला सांगू. मग आमचा ढोल पडला, पुरिताबाईंनी गाल फुगवले आणि चौकातली जमीन हलली. हसणं हळूहळू बंद झालं. आमच्या बायका वर्षभराचा राग त्या नळ्यांत फुंकत होत्या, आणि तो बाहेर येताना आनंद होऊन येत होता. हे कसं होतं ते मला सांगता येणार नाही. सांता एलेनाचीच एक म्हातारी काठी टाकून नाचायला लागली. तिच्यामागे अर्धा चौक. कूच संपलं तरी लोक आम्हाला थांबू देईनात. परीक्षक पाद्री पलीकडच्या मोठ्या बेटावरून आलेले, गंभीर माणूस. त्यांनी निकाल सांगितला तेव्हा त्यांचाही पाय हलत होता.

पहिलं बक्षीस म्हणून आम्हाला डुक्कर मिळालं. परतताना आमच्यातल्या एका बाईनं मासळीबाजाराकडे तोंड करून हाक दिली, "काय गं, ऐकू आलं का?" कपितान होडीत बसून लहान मुलासारखे रडले. मला मात्र या खेपेला जराही मळमळलं नाही. होडी लागली ती बिचाऱ्या डुकराला.

तर असं आहे. दाजींना म्हणावं, कोंबड्या तुम्हीच पाळा.

तुझा धाकटा भाऊ,
क्रिसांतो (इथे: मायेस्त्रो)

ता. क. माझ्या कपाटाच्या वरच्या खणात जुनी कवळी आहे ती पहिल्या होडीनं पाठव. इथे आल्यावर पहिल्याच दिवशी धक्क्यावर शिंक आली आणि नवी कवळी समुद्रात गेली. दातांशिवाय ट्रम्पेट वाजत नाही, त्यामुळे गेल्या चार-पाच महिन्यांत मी स्वतः एकही सूर काढलेला नाही. सगळं नुसतं बोलून शिकवलंय, तेही बोबडं. लोक समजतात, मोठे मायेस्त्रो असेच कमी बोलतात. हे दाजींना वाचून दाखवू नकोस.

आणखी एक. पुरिताला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं. रताळी उगाच नव्हती, गावात सुकी मासळी भरपूर होती, मला चावणार नाही म्हणून ती मला देत नव्हती. आता म्हणते, "वाजवलं नाहीस तरी चालेल, पण आपल्या लग्नाच्या जेवणात माझ्या हातचं डुक्कर तुला चावता आलं पाहिजे." ईस्टरनंतरचा पहिला रविवार ठरलाय. तेव्हा अते, कवळी टपालानं नको, तू स्वतःच घेऊन ये.