अब्बा, बाण सरळ गेला

प्रिय अब्बा,

काल संध्याकाळी तुमचा बाण सरळ वर गेला. हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही, म्हणून तेरखेड्यात आपल्याच ओसरीवर बसून लिहितेय. तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं. पत्र पोचायचं नाही, हे कळतं मला. तरी लिहू द्या.

माझ्या लग्नातला बाण आठवतो ना? परंड्याहून वरात आलेली. शोभेची दारू करणाऱ्याच्या घरचं लग्न, म्हणून तुम्ही कितीतरी दिवस खपून मनगटाएवढा जाड बाण केला होता. वात पेटली, बाण थरथरला आणि तो ज्यात उभा केला होता ती नळीच कलंडली. तो आडवा सुटला तो थेट वऱ्हाडात. माझ्या सासऱ्यांची शेरवानी खांद्यावर जळाली, कातडीही भाजली.

तुम्ही त्यांचे पाय धरायला वाकलात, त्यांनी धरू दिले नाहीत. पण त्या दिवसापासून तुम्ही बाण करणं सोडलं. भुईनळे केले, फुलबाज्या केल्या, बाण नाही. विचारलं की म्हणायचात, दारूच चुकली माझी.

आणि परंड्याला एकदाही आला नाहीत. तुमच्याशिवाय अम्मीही यायची नाही. ईदेचं सामान घेऊन भाऊ यायचा. एस.टी. थांबल्याचा आवाज आला, की मी दाराशी जाऊन बघायची. सासरे तर खांद्यावरचा डाग आल्यागेल्याला हसून दाखवायचे. म्हणायचे, "ही आमच्या व्याह्यांची सही हाय." हे मी तुम्हाला किती वेळा सांगितलं! तुम्ही मान हलवायचात अन् दुसराच विषय काढायचात. लेकीच्या घरी यायला इतकं काय जड होतं, अब्बा?

तुम्ही गेल्यानंतर परंड्याच्या उरुसात तंबूतलं थेटर आलं. सिनेमाच्या आधी बातम्यांची फिल्म लागली. त्यात परदेशात रॉकेट सोडतात ते दाखवलं, तेही अगदी संथ करून. पापणी लवते तेवढ्यात होणारी गोष्ट, पण पडद्यावर संपता संपेना. खालून जाळ निघाला तरी रॉकेट जागचं हलेना. सांगणारा म्हणाला, लोखंडी पंजांनी त्याला बुडाशी धरलेलं असतं. जाळाला पुरता जोर आला, की मगच पंजे सोडतात. खाली मोठा चर, त्यातून जाळ बाजूला निघून जातो. वरून पाण्याचा लोंढा सोडतात, म्हणजे चौथऱ्याला धक्का लागत नाही. मग ते उठलं, इतकं सावकाश, की आतल्या गारठ्यानं अंगावर धरलेला बर्फ पापुद्र्यापापुद्र्यानं गळताना दिसला.

तुमची दारू चुकली नव्हती, अब्बा! बाण चांगलाच होता. त्याची उभं राहायची जागा कच्ची होती.

घरी येऊन सासऱ्यांना सांगितलं. त्यांनी उठून टोपी घातली. मग म्हणाले, "चल, तुझ्या भावाकडं जाऊ."

भावानं तुमच्याच मापानं बाण भरला. नळी खोल पुरली, भोवती दगड ठोकले, खाली चर काढला. बाणाची काडी सुतळीनं खाली बांधली. जाळानं सुतळी जळेपर्यंत बाण सुटायचा नाही. वात आपणच लावणार, असा सासऱ्यांनी हट्ट धरला. भाऊ नको नको म्हणत होता, पण ऐकतात कुठं?

बाण जरासा अडला, सुतळी तुटली आणि तो गेला. सगळे वर बघत होते. अम्मी मात्र लिंबाखाली बघत होती, जिथं तुम्ही हात मागं बांधून उभे राहायचात. मीही तिकडंच पाहिलं.

तुम्ही गेलात तेव्हा मी एस.टी.त होते. पोचले तोवर तुम्हाला नेलंही होतं. मला काहीच बघायला मिळालं नाही. त्या पडद्यावरच्यासारखं, सगळं संथ करून, मला एकदा कुणी दाखवील का? तुम्ही कुठल्या कुशीवर होता, काही बोललात का, दाराकडं पाहिलंत का?

आज दुपारच्या गाडीनं अम्मीला परंड्याला नेतेय. पहिल्यांदाच. माझी चूल, माझं अंगण, सगळं दाखवीन तिला. आणि तिथं कुणी विचारलं, की तुझे अब्बा काय करायचे, तर भुईनळ्यांचं नाव काढणार नाही. बाण करायचे, असंच सांगेन. हा माझा शब्द.

तुमची,
जमीला