बटण्याच्या गोचिडींचा बंदोबस्त

२ मार्च, सोमवार. सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. कारण बटण्याला गोचिडी झाल्या आहेत. पिसवाही असाव्यात, पण त्या उड्या मारतात, नोंद घेता येत नाही.

बटण्या म्हणजे आमचा कुत्रा. डोळे बटणांसारखे, म्हणून बटण्या. मी बटणांच्या कारखान्यात आहे म्हणून नव्हे, हे मी सगळ्यांना सांगून ठेवलंय.

काल लेकीचा फोन. एकवीस तारखेला तीन महिन्यांच्या बाळाला घेऊन महिनाभर राहायला येतेय. नातीला मी अजून फोनवरच पाहिलंय. ती जन्मली तेव्हा मला खोकला होता, म्हणून ही एकटीच गेली. (ही म्हणजे बायको.) बोलता बोलता हिने गोचिडींचं सांगून टाकलं. लेक म्हणाली, घरात एक जरी गोचीड असली तरी मी बाळाला आणणार नाही. ही लगेच म्हणाली, उद्याच डॉक्टरकडे न्या त्याला. मी म्हणालो, काही गरज नाही. घरगुती उपायांनी पंधरा दिवसांत निकाल लावतो.

प्राण्यांच्या डॉक्टरबाई गेल्या वर्षी चार लोकांदेखत म्हणाल्या होत्या की कुत्र्याचं वजन जास्त आहे, आणि म्हणताना बघत होत्या माझ्याकडे. त्या दवाखान्याची पायरी मी चढणार नाही. हा रागाचा प्रश्न नाही, तत्त्वाचा आहे.

३ मार्च
पद्धत ठरली. तपासणी विभागात सव्वीस वर्षं उगाच नाही काढली. एका पोत्यात दहा हजार बटणं. सगळी कोण बघत बसणार? पोत्याचे चार कोपरे आणि मधला भाग, अशा पाच ठिकाणांहून मूठ मूठ काढायची. पाचही मुठी ठीक असल्या की पोतं पास. शिक्का.

बटण्याचंही तसंच. डावा कान, उजवा कान, पाठ, पोट, शेपटीचं मूळ. रोज सकाळी ही पाच ठिकाणं बघायची. उपायही तिथेच करायचा, म्हणजे माल वाया जात नाही.

आजचा आकडा अकरा. चिमट्याने काढल्या नाहीत. आधी मोजणी पक्की व्हायला हवी. ही म्हणाली, अहो, तो कुत्रा आहे, पोतं नाही. मी अकराचा आकडा वहीत उतरवला.

५ मार्च
व्हिनेगर आणि पाणी, निम्मं निम्मं. फवारा. मोबाईलवर एका गृहस्थाने दाखवलं होतं. त्याचा कुत्रा अगदी शांत उभा होता. आपला पलंगाखाली गेला. मीही गेलो. पलंगाखाली फवारा नेमका कुणावर उडाला ते सांगता येत नाही, पण डोळे माझे चुरचुरले.

सगळ्या घराला आंबूस वास. हिने खिडक्या उघडल्या आणि शेजारी जाऊन बसली.

आकडा नऊ. दोन कमी. या वेगाने चौदा तारखेला शून्य. हिशोब दोनदा करून पाहिला.

६ मार्च
आकडा तेरा.
वाढ नाही ही. आत लपलेल्या घाबरून बाहेर आल्या आहेत. चांगलं लक्षण.

७ मार्च. संध्याकाळी
लिंबं. चकत्या करून उकळल्या, रात्रभर ठेवल्या, सकाळी पाच ठिकाणी चोळल्या. माझ्या बोटाला कापलं होतं ते लक्षात नव्हतं. मी ओरडलो म्हणून बटण्या ओरडला, तो ओरडला म्हणून वरच्या मजल्यावरच्या काकू खाली आल्या. त्यांना मी सगळी पद्धत समजावून सांगितली. गॅसवर काहीतरी ठेवलंय म्हणत त्या लगेच वर गेल्या.

उरलेलं लिंबाचं पाणी मी स्वतःच्या हातापायांना लावलं. कुत्र्याजवळ सतत बसणाऱ्याने काळजी घ्यायलाच हवी.

९ मार्च, सोमवार
मीठ. बारीक करून सतरंजीवर आणि गालिच्यावर पसरायचं, म्हणजे पिसवांची अंडी सुकतात. ही दोन दिवस बहिणीकडे गेलीय, तेवढ्यात करून टाकलं.

कामावरून आलो तर बटण्या गालिचा चाटत होता. बहुधा बराच वेळ चाटत असावा. ओढून बाजूला केलं. मग तो भांडंभर पाणी प्यायला, आणखी भांडंभर प्यायला आणि पुन्हा त्याच गालिच्यावर गेला. मीठ आता गालिच्यात खोलवर पोचलंय. गालिचा वाळत घातला आहे. हिने विचारलं तर सांगायचं की स्वच्छता मोहीम.

११ मार्च
पॅकिंगमधल्या चष्मेवाल्याने छातीठोकपणे सांगितलं, लसूण खाऊ घाल, रक्तालाच वास येतो, गोचीड तोंड लावत नाही. मी संध्याकाळी अख्खा गड्डा सोलला. ही बहिणीकडून आली ती बघतच राहिली. तिने तिथल्या तिथे डॉक्टरबाईंना फोन लावला (नंबर हिच्याकडे कसा, हे नंतर बघू). त्या म्हणाल्या, लसूण कुत्र्याला विषासारखा, चुकूनही देऊ नका. आणि एकदा घेऊन या त्याला. मी म्हणालो, मी देणार नव्हतोच, विचाराधीन होतं.

सोललेला वाया कशाला घालवायचा, म्हणून मीच खाल्ला. रक्षकाच्या अंगालाही वास असलेला बरा.

१२ मार्च
मीटिंगमध्ये मी बोलत होतो तेव्हा सगळे एकदम गप्प होते. साहेब तर खुर्ची मागे सरकवून ऐकत होते. इतकं लक्ष देऊन माझं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. विषयही महत्त्वाचा होता. शर्टवाल्या गिऱ्हाईकाने एक पोतं परत पाठवलंय, त्यात म्हणे तीन भोकांची बटणं निघाली. मी ठामपणे सांगितलं की आपला नमुना बरोबर होता, बाकीचं पोतं चुकलं.

१३ मार्च. दुपारी (अर्धी रजा)
पिसवांसाठी सापळा. अडगळीच्या खोलीत अंधार करून दिवा लावायचा, खाली बशीत साबणाचं पाणी. उजेडाकडे पिसू उडी मारते आणि बुडते.

दीड तासात एक पिसू! हिला हाक मारली. हिने चष्मा लावला आणि म्हणाली, ही चहाची पावडर आहे, बशी धुतली नव्हती तुम्ही. माझा चष्मा खोलीबाहेर होता. आकड्यात धरलेली नाही.

१४ मार्च, शनिवार. सकाळी ६.४०
शून्य!!

डावा कान शून्य, उजवा शून्य, पाठ, पोट, शेपटी शून्य. दोनदा बघितलं. हिशोबाने सांगितलेल्याच दिवशी. कपाटातून जुना पासचा शिक्का काढला आणि या पानावर मारला. शाई वाळली होती, पण वळसा दिसतो.

लेकीला फोन केला. ती म्हणाली, बाबा, सगळीकडे नीट बघितलंत ना? मी म्हणालो, आमच्या विभागात हा प्रश्न विचारत नाहीत. ती हसली. मग बाळाला फोनजवळ धरलं. बाळ काहीतरी बोललं. मला ते आजोबा असं ऐकू आलं. तीन महिन्यांचं मूल बोलत नाही म्हणतात, पण अपवाद असतात.

१६ मार्च
वरच्या काकूंकडे मांजर आहे. त्यांना उपायांची यादी लिहून दिली, लसूण खोडून. डॉक्टर लोक गरिबाला लुटतात यावर दहा मिनिटं बोललो. त्या म्हणाल्या, त्यांच्या मांजरीला काहीच झालेलं नाही. म्हणालो, राहू द्या, उपयोगी पडेल.

१७ मार्च
बटण्या पायांची बोटं चावत बसतो. दिवसभर. वय झालं, सांधे धरले असतील. पाय आपल्या पाच ठिकाणांत येत नाहीत, त्यामुळे त्यावर मत देणं बरोबर नाही.

मलाही खाज येतेय. दंडावर, मानेवर. लिंबाचं पाणी आत मुरत असेल.

१९ मार्च
हिला भिंतीवर एक गोचीड दिसली, बाळाच्या पाळण्यासाठी जागा केली होती तिच्या वर. मी म्हणालो, ती बाहेरून आलेली. हिने विचारलं, तिच्याकडे ओळखपत्र होतं का? मग आवाज खाली आणून म्हणाली, अजून दोन दिवस आहेत, मी नेते त्याला डॉक्टरकडे, तुम्ही नका येऊ. मी चिडलो. घरात माझ्या शब्दाला काही किंमत आहे की नाही, असं बरंच बोललो. ही मग ताटं वाढायला उठली. मीच जिंकलो, पण जेवण गेलं नाही.

२१ मार्च, शनिवार
दुपारी १.०० निघतोय स्टँडवर. इस्त्रीचा पांढरा शर्ट. सकाळी तपासणी: पाचही शून्य. बटण्याला निघताना मांडीवर घेऊन सांगितलं की शहाण्यासारखं वाग.

रात्री ८.३०
लिहायला नको वाटतंय.

बस वेळेवर आली. लेक उतरली. बारीक झालीय. बाळ निळ्या दुपट्यात. फोनवर दिसते त्यापेक्षा खूपच लहान आहे. लेक म्हणाली, घ्या बाबा, तुमची वाट बघतेय ती. मी दोन्ही हात पुढे केले. बाळाची टाच माझ्या बोटाला लागलीसुद्धा.

आणि लेक थांबली. माझ्या कॉलरकडे बघत होती. पांढऱ्या शर्टावर स्पष्ट दिसत असणार.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने बाळाला परत छातीशी घेतलं आणि दोन पावलं मागे गेली. ही पुढे झाली, कॉलरवरची गोचीड काढली, चपलेखाली चिरडली. लेक म्हणाली, बाबा, मी विचारलं होतं तुम्हाला. एवढंच. मग मैत्रिणीला फोन केला आणि रिक्षाने तिच्याकडे गेली. हीसुद्धा तिच्याबरोबर गेली. बॅग उचलू का विचारलं तर लेक नको म्हणाली.

घरी आलो. बटण्या दारात शेपटी हलवत होता. त्याला उताणा केला आणि पहिल्यांदाच सगळा बघितला. बोटांच्या बेचक्यांत, पट्ट्याखाली, काखेत. एकतीसपर्यंत मोजलं आणि मग मोजवेना. पाच ठिकाणं मी आंबट करून ठेवली होती, त्या बिचाऱ्या बाकीच्या कुत्र्यात राहायला गेल्या.

२२ मार्च, रविवार
दवाखान्याची पायरी चढलो.

डॉक्टरबाईंनी हिरड्या बघितल्या, फिक्या आहेत म्हणाल्या, रक्त घेतलं. गोचिडींच्या तापाची शंका. मला विचारलं, रोज बघत होतात तर दिसल्या कशा नाहीत? मी पद्धत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांना हसू आलं असतं तरी चाललं असतं. वजन केलं, दीड किलोने उतरलंय. हे वजन कमी व्हावं असं त्यांनीच सांगितलं होतं, पण त्याही खूश दिसल्या नाहीत.

एक गोळी. बिस्किटात घालून दिली. चार सेकंदांत खाल्ली. घरातल्या फटी, गाद्या, गालिचा यांच्यासाठी फवारणीवाल्याचा नंबर दिला. म्हणाल्या, निम्म्या गोचिडी कुत्र्यावर नसतातच, घरात असतात.

येताना बटण्या रिक्षात माझ्या मांडीवर झोपला. माझ्यावर अजून विश्वास आहे त्याचा. का आहे, कळत नाही.

२३ मार्च
रक्ताचा रिपोर्ट. ताप नाही. फक्त अशक्तपणा. डॉक्टरबाईंना फोनवर तीनदा धन्यवाद म्हणालो.

२४ मार्च
फवारणीवाला आला. पलंग, कपाटं ओढली. चादरी, पडदे, माझे कपडे उकळत्या पाण्यात. ही फोनवरून सूचना देत होती. आज पहिल्यांदा एकही वाद घातला नाही. हिने विचारलं, बरं वाटत नाहीये का?

२५ मार्च
परत आलेलं पोतं तपासणीच्या टेबलावर पूर्ण ओतलं. दहा हजार. एकेक. सहा तास लागले. तीन भोकांची दोनशे चौदा निघाली, सगळी कडेने. साहेबांना आकडा सांगितला. चूक माझी, असंही सांगितलं. साहेब म्हणाले, बसा, पाणी प्या.

२८ मार्च, शनिवार
डॉक्टरबाई बटण्याला नखापासून नाकापर्यंत बघून मोकळा करून गेल्या. हिने बोलावलं होतं, घरी आल्या. लेक दुपारी बाळाला घेऊन आली.

मी मात्र नापास. व्हिनेगर, लिंबू आणि खाजवणं, यांनी दोन्ही हातांवर पुरळ उठून चिघळलंय. माणसांच्या डॉक्टरांनी मलम दिलंय आणि सांगितलंय, जखमा सुकेपर्यंत तान्ह्या बाळाला हात लावायचा नाही. चार दिवस तरी. लेकीने हे चिडून सांगितलं नाही. दारात खुर्ची आणून ठेवली आणि म्हणाली, इथून बघा बाबा.

तर बघतोय. पाळण्याशेजारी बटण्या पसरलाय, बाळाचा हात खाली लोंबतोय, त्या मुठीत त्याचा डावा कान. मला त्या कुत्र्याचा हेवा वाटतोय. कधी नव्हे तो मनापासून वाटतोय, म्हणून लिहून ठेवतो.

आत्ता बाळ झोपेत हसलं. ही आणि लेक दोघी वाकल्या. मीही उठून बघितलं, पण इथून नीट दिसलं नाही.