ओल्या मातीवर तुझी गाडी

बाबा, मी परत आलेय. किती दिवसांसाठी ते तू तरी विचारू नकोस, आई विचारतेच आहे. वर उत्तरेच्या किनाऱ्यावर, ब्रूमला, एका बोटीवर मोत्यांचे शिंपले घासत होते, त्याच्याआधी केळीच्या मळ्यात, त्याच्याआधी वाळवंटातल्या एका रोडहाउसमध्ये ट्रकवाल्यांना अंडी तळून देत होते. तिथे एक म्हातारा रोज यायचा आणि टोस्टच्या कडा खिशात घालून न्यायचा, कुणासाठी ते कधी कळलं नाही. असो. बोटीवर असताना दाढीकाकाचा फोन आला. तुझा रेसिंगचा दोस्त, ट्रॅकशेजारच्या पिटमध्ये तुझी गाडी तयार करून देणारा, त्याला हे नाव मी लहानपणी दिलं होतं. दाढी आता पांढरी झालीय. तो म्हणाला, ‘‘बघ मेट, यंदा तुझ्या बाबाची गाडी बाहेर काढतोय. तू चालवणार असशील तर सीट तुझी. नाहीतर माझ्या भाचीला देतो. पण शेडमध्ये कोंबड्यांना अंडी घालायला आता ठेवणार नाही.’’ मी त्याच दिवशी बॅग भरली. तू नेहमी म्हणायचास ना, मोठी झालीस की गाडीत तू बस. मी मोठी झाले, पण तोवर तू गेला होतास.

लोकांना सांगितलं की बाबा रेसिंग करायचा आणि लवकर गेला, की ते हळूच मान हलवतात. त्यांना भिंत दिसते, आग दिसते. तू तर घरी, सोफ्यावर, चहा निवत असताना गेलास, हार्टने. पूर्वी मी त्यांची चूक सुधारायचे, आता नाही सुधारत. तू म्हणजे पुण्याहून ह्या देशात आलेला, शहराकडेच्या डँडेनॉन्गमधल्या फॅक्टरीत पंपांचे आराखडे काढणारा चष्मेवाला माणूस. एका शनिवारी कामावरचा कोणी तुला गावाकडच्या ट्रॅकवर घेऊन जातो आणि तू नाकाकानात माती भरून घरी येतोस. आई दारातच म्हणते, ‘‘कुठे पडलास?’’ तू म्हणतोस, ‘‘अजून नाही.’’ पुढच्या वर्षी गॅरेजमध्ये एक जुनी फॅमिली गाडी उभी असते, काचा काढलेली, सीटा काढलेल्या, आत लोखंडी पिंजरा वेल्ड केलेला. आई मैत्रिणींना सांगायची, ‘‘पुण्यात ह्याने स्कूटर कधी तिसऱ्या गिअरच्या वर नेली नाही हो, आणि इथे बघा.’’ मग हिवाळा सोडला तर प्रत्येक शनिवार असाच: गव्हाची कोठारं, एक पब, एक पाण्याची टाकी आणि गावाबाहेर मातीचा गोल ट्रॅक. माइकवरच्या माणसाला तुझं आडनाव कधीच जमलं नाही, म्हणून त्याने तुला प्रोफेसर करून टाकलं. आणि बाबा, खरं सांगायचं तर तू काही फार जिंकला नाहीस. शेवटची मोठी रेस एकदाही नाही. एकदा तिसरा आलास, तेही पुढचे दोघं एकमेकांत अडकले म्हणून. तुझ्या बक्षिसांसाठी घेतलेलं ते कपाट अजून आहे. त्यात तो एक कप आणि आईचे कुकर.

दसरा आठवतो का? सीझन उघडायचा तो नेमका दसऱ्याच्या आसपास. आईचा गाडीवरचा राग तोवर निवला होता, म्हणजे पूजेपुरता तरी. तिने बॉनेटवर हळदकुंकू लावलं, परसातल्या झेंडूची जाड माळ पुढच्या जाळीला गुंडाळली, नारळ फोडला. ट्रॅकवर गाड्यांचा तपासणीवाला आला, वाकून बघितलं, म्हणाला, ‘‘हे सुटून पडणार नाही ना, मेट?’’ तू म्हणालास, ‘‘पक्कं बांधलंय.’’ आणि ते पक्कंच होतं, सुटलं नाही, आत गेलं. दुसऱ्या वळणावर फुलं विस्कटली आणि सगळ्या पाकळ्या रेडिएटरवर जाऊन बसल्या, त्यावर ओली माती, झालं लिंपण. गाडी वाफ सोडत आत आली आणि दाढीकाका चमच्याने पाकळ्या खरवडत ओरडत होता, ‘‘हे काय आहे? सॅलड?’’ तू हसत होतास, चष्मा मातीने आंधळा. आई आपल्या रोजच्या गाडीत जाऊन बसली होती. पण पुढच्या वर्षी शेजारच्या पिटमधले दोघं येऊन तिला विचारतात, जरा लाजतच, ‘‘आमच्याही गाडीला ती फुलं मिळतील का?’’ आणि ती बादलीभर झेंडू घेऊन सगळ्यांच्या गाड्यांना एकेक फूल लावत फिरते, मागच्या बंपरला, रेडिएटरपासून लांब. मला वाटतं आई त्या दिवशी पहिल्यांदा त्या जागेवर आरामात चालली.

तर आज. ऑक्टोबरची दुपार, आकाश एवढं मोठं की मान दुखते. पाण्याचा ट्रक फेऱ्या मारून ट्रॅक भिजवून गेला आणि मग पॅकिंग. तुला काय सांगायचं, पण मला लिहायचंय. रेसच्या आधी सगळ्या गाड्या हळूहळू गोल फिरतात, पुन्हापुन्हा, ओली माती चाकांनी दाबत, घट्ट करत, म्हणजे नंतर पळता येतं. दाढीकाकाने पट्टे आवळले. सीट अजून तुझ्या मापाची आहे, मी तिच्यात थोडी खाली बुडते. गाडी सरळ जायचं नावच घेत नाही. बाहेरच्या बाजूची चाकं मोठी बसवलेली, त्यामुळे ती आपोआप आत वळू बघते, आणि सरळ भागात स्टिअरिंग धरून तिला समजवावं लागतं. मी समजवत होते. कुंपणावर गुलाबी काकाकुवे, पलीकडे कापायला आलेला गहू, काच नसलेल्या खिडकीतून मातीचा ओला वास, समोरची गाडी चिखल उडवतेय आणि कुठेच घाई नाही. मला वाटलं, हेच असेल. ह्याच्यासाठीच तू इथे दर शनिवारी येत होतास. मला वाटलं, मी आयुष्यभर अशी फिरू शकेन. मी, जी कुठल्या गावात एक सीझनही टिकत नाही.

मग सरावाच्या फेऱ्यांचा हिरवा दिवा लागला, म्हणजे आता जोरात. शेजारची गाडी माझ्या दारापासून हातभर अंतरावरून आडवी होत गेली आणि बाबा, माझे हात सुटले. खरंच, स्टिअरिंगवरून सुटले. गाडी स्वतःच आत वळली आणि ट्रॅकच्या मधल्या गवतात जाऊन उभी राहिली, शहाण्यासारखी. मी चालत पिटमध्ये आले. दाढीकाकाने खुर्ची सरकवली.

‘‘मला नाही जमणार,’’ मी म्हटलं. ‘‘बाबाला असं कधी झालं नसेल.’’

‘‘तुझा बाबा?’’ तो म्हणाला. ‘‘तो प्रत्येक रेसआधी पाण्याच्या ट्रकमागे जाऊन ओकायचा. प्रत्येक.’’

‘‘मग तरी का जायचा?’’

‘‘कधी विचारलं नाही, मेट. मी टॉवेल धरायचो.’’

मी बराच वेळ त्या ट्रककडे बघत बसले. तू ओकून, तोंड पुसून, जाऊन बसायचास. मला साधी मळमळसुद्धा होत नव्हती, मला फक्त उठून निघून जायचं होतं. आपल्या दोघांच्या भीतीत एवढा फरक आहे आणि तो टॉवेलने पुसला जाणारा नाही. मग मी दाढीकाकाच्या भाचीला हाक मारली. कानात पाच बाळ्या, पिटच्या कडेला बसून गरमागरम चिप्स खात होती. म्हटलं, सीट पुढे घे, माझ्या बाबाचे पाय लांब होते. ती म्हणाली, ‘‘शुअर आहेस?’’ मी म्हटलं, ‘‘विचारू नकोस, बस.’’ तिने चिप्स माझ्या हातात दिले.

आईला मी फोनवर सांगितलं की मी मोठ्या मनाने दिली गाडी. आई म्हणाली, ‘‘बरं केलंस,’’ आणि लगेच नाक ओढलं, म्हणजे मी घाबरले ते तिला कळलंच. हे पत्र कुठे टाकणार, तुझा पत्ता नाहीच. पण असता तरी टाकलं नसतं, कारण शेवटी एक गोष्ट आहे. भाची रेसमध्ये सगळ्यात मागून निघाली. पहिल्या वळणावर, खोटं कशाला बोलू, ती गवतात जावी असं मला वाटत होतं. मग ती बाहेरच्या बाजूने, भिंतीला जवळजवळ घासत, एकेकाला मागे टाकायला लागली, तुझीच गाडी, तुझाच नंबर, आणि मी तिचे चिप्स सांडत उभी राहून किंचाळत होते. बाबा, ती तुझ्यापेक्षा चांगली चालवते.