पारड्यातून उठणार नाही

गुडगाव, २१ सप्टेंबर १९९९

ती. सौ. भानुताई,

तुझ्या पायांवर डोके ठेवतो (अजून वाकता येते, काळजी नको). तुझे गुडघे आणि भावजींचा खोकला कसा आहे ते सविस्तर कळव. प्रभा आणि तनया मजेत. माझ्या प्रकृतीची चौकशी तू प्रत्येक पत्रात करतेस आणि मी ‘उत्तम’ एवढे लिहून विषय बदलतो. आज बदलणार नाही.

गेली सात वर्षे मी वजनकाट्यावर पाय ठेवलेला नाही. हुंडा, बुवाबाजी आणि सरकारी कारभार यांच्यावर एका दमात तुटून पडणारा तुझा भाऊ एका काट्याला घाबरतो. चरबी पोटावर चढते असे लोक समजतात. खरी ती डोक्यात चढते. आमच्या नव्या इमारतीच्या लिफ्टची जादा वजनाची घंटा वाजली, की शेवटी कोणीही चढलेले असो, बाहेर मी येतो आणि ‘व्यायाम, व्यायाम’ म्हणत सहा मजले चढतो. चारचौघांत एकच पोळी खातो आणि घरी येऊन उभ्याने चार. करोल बागेतला तयार कपड्यांचा दुकानदार मी पायरी चढण्याआधीच मान हलवतो (आणि मी त्याला ‘शुक्रिया’ म्हणतो). माझ्या पोटावरचे विनोद मीच आधी करून टाकतो, म्हणजे दुसऱ्या कुणाला करायला उरत नाहीत. त्यामुळे सगळे मला अत्यंत आनंदी माणूस समजतात.

आता मुख्य हकिगत. आमच्या मराठी मंडळात दर गणेशोत्सवात कुणाचा तरी सत्कार होतो. गेल्या वर्षी मीच टेबलावर मूठ आपटून ठराव मांडला, की शाल-श्रीफळ बंद करा आणि ग्रंथतुला करा: एका पारड्यात माणूस, दुसऱ्यात त्याच्या वजनाइतकी पुस्तके, आणि ती आपल्या मुलांच्या वाचनालयाला. (इथल्या मुलांना ‘उंबरठा’ म्हणजे काय ते हिंदीत सांगावे लागते.) ठराव मांडताना माझ्या डोळ्यांसमोर मंडळातले आमचे विनायकराव होते. त्यांचे वजन चष्म्यासकट पन्नास किलो. टाळ्यांच्या कडकडाटात ठराव मंजूर झाला आणि या वर्षी सत्काराला एकमताने मला निवडण्यात आले.

व्यक्तिपूजेविरुद्ध मी चाळीस मिनिटे बोललो. कुणी ऐकले नाही. मग गुपचूप तीन आठवडे दुधीच्या सूपवर काढले. ते तनयाच्या लक्षात आले. ती म्हणाली, “बाबा, तुम्ही बारीक झालात तर आमची बुक्स कमी होणार ना, यार.” बापाला यार म्हटल्याबद्दल प्रभाने तिला झापले.

परवा रविवारी मंडळाचे अध्यक्ष, निवृत्त सुभेदार शहाजी, यांनी मानेसरच्या एका लाकूडवखारीतून भला मोठा तराजू आणून पार्किंगमध्ये टांगला. मी बसलो. पारडे जमिनीला टेकले. समोर पुस्तके चढू लागली, चढत राहिली आणि संपली. माझे पारडे जागचे हलले नाही. झाले होते असे, की माझे वजन विचारायचे कसे, म्हणून कार्यकारिणीने बैठक घेऊन ते सभ्यपणे पंच्याहत्तर ठरवले होते आणि तेवढीच पुस्तके जमवली होती.

साठ कुटुंबे बघत होती. सुभेदार कानाशी येऊन कुजबुजले, की फोटो झालाय, उतरा, मी टाळ्या वाजवून टाकतो. मी उतरणारच होतो, विनोदही जिभेवर तयार होता. तेवढ्यात तनया दिसली. मान खाली घालून स्वतःच्या चपला बघत होती. सात वर्षे मी जे लपवले, ते आता तिच्यापर्यंत पोहोचले होते.

मी माइक मागून घेतला आणि म्हणालो, “मी जेवढा आहे तेवढी पुस्तके आल्याशिवाय या पारड्यातून उठणार नाही. घरी जा आणि घेऊन या.”

लोक खरेच धावले. पाककृतींची पुस्तके आली, जुने दिवाळी अंक आले, सुभेदारांचे नकाशावाचनाचे पुस्तकही आले. सव्वा तास मी पारड्यातून बोलत होतो आणि आयुष्यात प्रथमच दुसऱ्या कुणाच्या दोषांवर बोललो नाही. लिफ्टचे सांगितले, चार पोळ्यांचे सांगितले. मला वाटले होते तिथे कुणी हसले नाही. सुभेदारांच्या द्वारकाबाई मात्र जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, “मी पण हळदीकुंकवाला मागंच बसते, भाऊ.” पुढच्या रांगेतली खुर्ची तनयाने त्यांना ओढून दिली.

काल डॉक्टरकडे जाऊन काट्यावर उभा राहिलो. एकशे चौदा. आता वजन उतरवणार आहे, माझ्या गुडघ्यांसाठी आणि रक्तदाबासाठी. लाजेसाठी आता एक ग्रॅमही नाही.

भावजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
गुणवंत

ता. क. माझे पारडे चार बोटे वर आले, पण समतोल झाला नाही. घराघरांतली पुस्तके संपली तेव्हा उरलेली तुझ्याकडून आणवण्याचा शब्द देऊनच उतरलो; कालच्या काट्याच्या हिशेबाने ती अकरा किलो. वडिलांच्या ट्रंकेतले ग्रंथ पार्सलने धाड. कवितासंग्रह नकोत, त्यांना वजन नसते.

आणखी एक. मे महिन्यात पृथ्वीराजच्या लग्नाला रजा मिळाली नाही असे कळवले होते. रजा मिळाली होती, तिकिटेही हातात होती. एकुलता एक मामा असून मला फोटोत यायचे नव्हते. दिवाळीत येतो आहे. त्याला आणि सूनबाईला लग्नाचे कपडे घालून तयार ठेव, आणि फोटोग्राफरलाही बोलावून ठेव.