आदिनाथचे चाळीस टॉवेल

३ फेब्रुवारी
चन्नवीर मालक म्हणाले, टॉवेलचं डिझाईन आता कॉम्प्युटरवर होणार, तुम्ही पॅकिंगला जा. पॅकिंगला! तीस वर्षं ग्राफपेपरवर एकेक चौकट रंगवतोय मी. मागावर टॉवेलची सुलटी बाजू खाली असते, म्हणून ग्राफवर नाव उलटं काढावं लागतं, आरशात दिसतं तसं. हे त्या कॉम्प्युटरला कोण सांगणार? मी सांगून टाकलं, ग्राफ काढणारं मशीनच घरी बनवतो. चौदापर्यंत मुदत मिळाली. मला चार दिवस पुरे.

७ फेब्रुवारी
चार दिवस झाले. जुन्या प्रिंटरच्या दोन मोटारी बसवल्या. मोटारी चालवणारं अर्डुइनो बोर्ड जळालं. विकणारा चोर आहे. बायको म्हणते, सूचना वाचायच्या होत्या की. मुंगीएवढ्या अक्षरात इंग्रजी लिहितात, वाचणार काय डोंबल?

१० फेब्रुवारी, दुपारी
नवं बोर्ड. पेन हललं! गोल काढायला सांगितला, बटाटा काढला. टेबल डुगडुगतंय. सासऱ्यांनी दिलेलं टेबल, दुसरं काय होणार.

१२ फेब्रुवारी
लग्नाच्या आहेराचे टॉवेल, त्यावर नवरदेवाचं नाव हवंय, आदिनाथ. सवयीनं मशीनमध्ये उलटं भरलं, मशीननं उलटं काढलं, एक चौकट चुकली नाही. शेजारचे रहिमतुल्ला बघायला आले आणि पोट धरून हसले. नाव उलटं आलंय की, म्हणे. लई डोकं फिरलं. एका मोटारीच्या वायरी उलट जोडल्या, नाव सुलटं केलं. बायको म्हणाली, तुम्हाला उलटंच लागतं की. ते हातानं काढताना, मशीनमधलं तुला काय कळतं, म्हणालो.

१४ फेब्रुवारी
मालक खूश. पहिल्यांदाच तुमचा ग्राफ वाचता आला, म्हणाले. कॉम्प्युटरवाल्याला पॅकिंगला पाठवा, असं मी सुचवलं.

१७ फेब्रुवारी
चाळीस टॉवेल उतरले. सगळ्यांवर नाव उलटं. मागवाल्यानं एकदा वाकून खालून बघायला नको? मालक ओरडले नाहीत. पॅकिंगची खोली दाखवली फक्त. ओरडले असते तर बरं झालं असतं.

१८ फेब्रुवारी, सकाळी
टॉवेल आमच्याच घरी आलेत. त्यातल्या एका टॉवेलनं तोंड पुसलं आणि आरशात बघितलं. आदिनाथ. स्पष्ट. म्हणजे मशीनची चूक नव्हतीच. बायकोला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, मग पाहुण्यांना टॉवेलबरोबर आरसा पण द्या.
नऊला पॅकिंगला हजर व्हायचंय.